धुतलेला रुमाल
डांबरगोळ्यांचा वास आला की मला वडिलांची पत्र्याची ट्रंक आठवते. वडील तरुणपणी बोटीवर खलाशी होते. महायुद्धात बोट बुडाली आणि जर्मनांनी त्यांना पकडून छावणीत ठेवलं. छावणी मुक्त झाली तेव्हा बरोबर आणलेला बिल्ला, चमचा आणि एक रुमाल त्यांनी ट्रंकेत जपला होता. एका वर्षी पाऊस सरल्यावर पाहिलं, तर सगळ्याला बुरशी आलेली. वडील हर्ण्याला मासळी आणायला गेले होते. मी वस्तू खळ्यात उन्हात मांडल्या आणि रुमाल कुबट लागला म्हणून साबणाने चोळून धुतला. वडील परतले आणि दोरीवरचा पांढराशुभ्र रुमाल पाहून जागीच थांबले. ‘ह्यावर शाई होती गो,’ ते म्हणाले. ‘मला डाग वाटले, बाबा.’ ‘नाव होतं, गाव होतं. माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा तो. फाटक उघडलं, त्याच्या आदल्या दिवशी गेला. त्याच्या घरी पत्र घातलं, उत्तर आलं नाही. म्हटलं, कुणी शोधत आलंच तर दाखवीन.’ ते रागावले नाहीत. ओल्या रुमालाचीच त्यांनी घडी घातली आणि मासळीची पिशवी पायरीवर ठेवून आत गेले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. ते नाव त्यांच्या लक्षात आहे का, हे विचारायचं धाडस माझं एकदाही झालं नाही. आता या घरात मी एकटीच असते, आणि कुणी शोधत आलंच, तर सांगायला माझ्याकडे नाव नाही.