‘चूक’ म्हणाला असता तर…

महादेव गेल्याची खबर मला सदरच्या बाजारात लागली. औषधाच्या दुकानासमोर उभा होतो. मोहल्ल्यातला एक जण सायकलवरून उतरला नि म्हणाला, ‘काका, तुमचा महादेव गेला ना जी सकाळी.’ तुमचा म्हणाला! सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, हे त्याला ठाऊक नसावं… मी ‘बरं’ म्हटलं, औषध घेतलं आणि घरी आलो. मौतीला गेलो नाही. लोकांनी नावं ठेवली, ठेवू द्या.

विणणं आम्ही एकाच मागावर शिकलो. करवतकाठी साडीला दोन माणसं शेजारी बसतात, डावा काठ त्याचा, उजवा माझा. शाळा माझी दुसरीपर्यंत, त्याची तेवढीही नाही. पण शब्दाचा तो मोठा काटेकोर. स्वातंत्र्यानंतर विणकरांची सोसायटी निघाली, तेव्हा माल पारखायला सगळ्यांनी त्यालाच बसवलं. दर शनिवारी चटईवर बसून तो साडी उलटी मांडीवर पसरायचा, बोटं फिरवायचा आणि एकच शब्द बोलायचा. ‘फरक’ म्हणाला तर दोन हातांचं काम आहे, चालतं. ‘चूक’ म्हणाला तर ध्यान नव्हतं, तेवढं उसवून पुन्हा विणून आणा. आणि तिसरा शब्द ‘खोट’. म्हणजे जाणूनबुजून केलेलं. तो शब्द त्याने माझ्याआधी दोघांनाच लावला होता. दोघांनाही पुन्हा कोणी काम दिलं नाही.

सात वर्षांपूर्वी एका शनिवारी नेलेल्या माझ्या साडीचा काठ काळा हवा होता. मधेच हातभर गडद निळा निघाला, पुढे पुन्हा काळा.

‘हे खोट आहे गा,’ महादेव म्हणाला. वर पाहिलंसुद्धा नाही.

चटईभोवती पंधरा-वीस विणकर बसले होते. एकाने मला टोमणा मारला, ‘काहून गा उस्ताद, काळ्या रेशमाचा भाव वाढला काय?’ सगळे हसले. महादेव हसला नाही, एवढं खरं.

‘तुले जे दिसते ते म्हन,’ एवढं बोलून मी साडी गुंडाळली आणि उठलो.

खरी गोष्ट अशी की मला काळं-निळं ओळखू येईनासं झालं होतं. रेशमाची कांडी बदलताना हात निळ्यावर गेला, मला कळलंच नाही. ती चूक होती. पण चूक म्हणवून घ्यायची तर चारचौघांत सांगावं लागलं असतं, की माझी नजर गेली. तीस वर्षं काठ विणणाऱ्याने हे सांगायचं? लोक मला लबाड म्हणाले, ते मी चालू दिलं. माग विकला. पुढे सुतळीच्या दुकानात गठ्ठे बांधले.

तेरवी झाल्यावर मात्र महादेवच्या घरी गेलो. वहिनीने एक साडी माझ्या हातात दिली. ‘भाऊजी, लेकीले देऊन राहिली. काठ काळा आहे का निळा, पाहा बरं.’ मी दारात, उजेडात गेलो. काहीतरी ठोकून देता आलं असतं.

‘मले दिसत नाही वं वहिनी. तवाही दिसत नव्हतं.’

तिने साडी माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, ‘ते कितीक शनिवार वाट पाहत होते जी. म्हनत, तो येईन, चूक झाली म्हनीन, मी शब्द वापस घेईन… एवढंच सांगाचं होतं ना तुम्ही.’

एवढंच. मी सांगितलं नाही, ते माझ्या माथी. पण त्याने तरी विचारायचं होतं. माझा हात त्याला माहीत होता, या हातातून खोट निघत नाही हेही माहीत होतं. मग वीस माणसांपुढे तो शब्द टाकण्याआधी एकदा, हळूच, ‘काय झालं गा?’ म्हणायला त्याचं काय जात होतं… आता तो शब्द मागे घ्यायला कोणी उरलं नाही.