अंगणातला भराव

बॅटऱ्या फोडणाऱ्याला वस्तीत सगळे पैलवान म्हणत. तसा तो काडीपैलवानच, पण कुऱ्हाडीच्या एका घावात बॅटरी उघडायचा. देशाने परदेशी मालाला दारं उघडली आणि जगभरच्या मेलेल्या बॅटऱ्या जहाजाने येऊ लागल्या. आतलं शिसं वितळवून पुन्हा जहाजानेच परत जायचं. फोडलेली खोकी मात्र इथेच. मजुरी चांगली होती. तिच्या जोरावर पैलवानाने लेकीला फीच्या शाळेत घातलं. पोर घडाघडा पाढे म्हणायची, म्हणून तो तिला पोपट म्हणायचा. घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी शिकणार होतं.

मालक खोक्यांचा चुरा कामगारांना फुकट द्यायचा. काय ते औदार्य! पोपटाचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून पैलवानाने तो अंगणभर चोपून बसवला. शेजारचा गवंडी म्हणाला, "राजवाडाच केलास की!" पोर दिवसभर तिथेच खेळायची, तिथेच बसून खायची.

वर्षभरात पोपट सातच्या पाढ्यात अडखळू लागली. लाडाने बिघडली, असं आई म्हणाली. पैलवानाने एकदा तिला मारलंही. मग पोट दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"रक्तात शिसं आहे. घरात कुठून आलं?"

पैलवानाला अंगणात चोपलेला चुरा आठवला. "आजच उकरून टाकतो. पाढे परत येतील ना बाई?"

"आणखी बिघडणार नाही, एवढं बघा. आणि ते काम सोडा."

"मग शाळा कशी व्हायची?"



पैलवान चुरा पोत्यांत भरत होता, तेवढ्यात गवंडी आला. "टाकण्यापेक्षा मला दे. बाळ रांगायला लागलंय, दारात नुसता चिखल."

"विष आहे रे ते! पोरीच्या रक्तात गेलंय."

"द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हण."

दुसऱ्या दिवशी पैलवान कामावर गेला. न जाऊन सांगतो कुणाला? कारखान्याच्या फाटकातून गवंडी चुऱ्याने भरलेली हातगाडी ओढत बाहेर येत होता.

"तुझ्यावाचून अडलं नाही, मालकानेच दिला," तो हसला. "फुकट ते पौष्टिक!"

पैलवानाने गाडीचा दांडा घट्ट धरला. आतून मुकादम ओरडला, "पैलवान, काम करायचंय की घरी जायचंय?"

पोपटाची फी भरायची होती. पैलवानाने दांडा सोडला आणि आत जाऊन कुऱ्हाड उचलली.