वाचून केलेली सही

सन १९८४. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, वेसाव्याला माझी स्वतःची बोट होती, आणि त्या साली एका दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत, मी माझं प्रेत दान केलं.

का केलं ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण मी सांगेन तेच खरं धरा.

माझं शिक्षण दुसरी. तीही अर्धी, कारण उरलेल्या अर्ध्या वर्षात मास्तर आजारी होते. (मास्तर बरे झाले तेव्हा मी बोटीवर होतो.) पण सही मी इंग्रजीत करतो. बोटीच्या कागदांवर करून करून हात असा बसलाय की कागदाकडे बघावं लागत नाही. आता ज्याला इंग्रजी सही येते त्याला इंग्रजी येतं, असं लोक आपणहून समजतात. त्यांचा गैरसमज मोडायला मी कशाला जाऊ? घरात तरी कशाला मोडू? कोणाचाही इंग्रजी पेपर हाताला लागला की मी चष्मा लावून पाच मिनिटं बघायचो आणि "काय खरं नाय आता," म्हणून बाजूला ठेवायचो. त्यात कधी चूक निघाली नाही.

त्या साली माझी मुलगी सुनी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या गल्लीतली पहिली डॉक्टर. मी बोटीचा तांडेल, पंचवीस वर्षं सुकाणू धरलं, पण मान एवढी ताठ कधी झाली नव्हती. तिचं कॉलेज खाली मुंबई शहरात, विद्यापीठाइतकंच जुनं. (नाव सांगत नाही. माझा कागद अजून त्यांच्या कपाटात आहे.) तिथलं माणसाचं शरीर शिकवायचं जुनं थिएटर दुरुस्त करून पुन्हा उघडणार होते, आणि पोरांच्या आईबापांना बघायला बोलावलं होतं.

"थिएटर?" माझी बायको हिरा म्हणाली. "मग मधी सुट्टी असंल ना गो?"

"आय, तिथे नाटक नसतं. मध्ये टेबल असतं, त्यावर प्रेत ठेवून शिकवतात."

"म्हंजे सुट्टी नाय," हिरा म्हणाली आणि डब्यात तांदळाचे पोळे जास्त घातले.

तिचा भाऊ पांडू, म्हणजे माझा मेव्हणा, यालाही 'थिएटर' एवढंच ऐकू आलं. तो न बोलावता सेंट मारून हजर.

मी कोट घातला, लाल टोपी घातली. हिराने नऊवारी, वेणी आणि अंगावर मावेल तेवढं सोनं. टॅक्सीने उतरलो. सुनी मैत्रिणींना घेऊन यायला पुढे गेली, आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

दारात दोन टेबलं होती. एकावर पाहुण्यांचं सहीचं बुक, तिथे ही रांग. दुसऱ्यावर कोणी नाही, नुसती एक तरुण डॉक्टरीण बसलेली. रांगेत उभं राहायची मला सवय नाही. बंदरावर माझी बोट आली की लोक बाजूला होतात. मी सरळ दुसऱ्या टेबलावर गेलो.

"सही कुठं करायची?"

ती पोर उठून उभी राहिली. "काका, हे कशाचं आहे माहीत आहे ना?"

"लिवलंय की इंग्रजीत. वाचतो मी."

चष्मा लावला. पाच मिनिटं कागद बघितला. मागचं पान कोरं होतं, तेही बघितलं.

"काही शंका?"

"एक नाय."

"घरी विचारलंय ना तुम्ही?"

"घरात मी विचारत नाय. सांगतो."

"नंतर मन बदलणार नाही ना, काका?"

मला वाटलं, काय हे शिकलेल्या लोकांचं! एका सहीला किती चौकशी. म्हटलं, "तांडेलाचा शब्द हाय." आणि कागदाकडे न बघता झोकात सही केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं फार कमी असतात."

"ते हायेच," मी म्हटलं.

मग पांडूकडे बघून ती म्हणाली, "यांची पण लागेल. इथे खाली."

"दाजींची वर आणि माझी खाली का?" पांडू कुरकुरला, पण त्यानेही केली.

आत गेलो. काय बांधलंय सांगू! गोल खोली, लाकडी बाकं एकावर एक अशी उभी चढत गेलेली की सगळ्यात वर बसलेल्यालाही खालचं टेबल सरळ दिसावं. आमच्या बंदरावर लिलावाला माणसं अशीच घेर करून उभी राहतात, पण इथे कोणी कोणाचा पाय तुडवत नव्हतं. मधलं टेबल पांढऱ्या संगमरवराचं, कडेने पन्हळ, एका टोकाला भोक. हिरा सुनीच्या हाताला न लागता खाली उतरली आणि टेबलावरून बोट फिरवलं.

"उतार झकास दिलाय. पानी थांबत नाय. अंधेरी मार्केटात आमाला मासली कापायला असं दिलं असतं तर?" मग शेजारच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "सुरी कोन लावतं तुमची?"

सुनीने तोंड लपवलं. डॉक्टर मात्र खूश झाले. हे तिथले सगळ्यात मोठे सर. त्यांनी टेबलाजवळ उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं.

मी उठलो. पोरगी हुशार निघाली तर बापाचा मान होणारच. चारी बाजूंना नमस्कार केला. टाळ्या थांबेनात, तेव्हा दोन शब्द बोललो. "हे काय मोठं नाय. तुमी बोलवा, माझ्या घरातली सगळी येतील. हा मेव्हणा तर आजच तयार हाय."

पांडूने उठून नमस्कार केला. टाळ्या दुप्पट.

सुनी बाकं ओलांडत माझ्यापर्यंत आली. तोंड पांढरंफटक. कानात म्हणाली, "बा, तुम्ही कशावर सही केलीत? मेल्यावर तुमचं शरीर त्या टेबलावर द्यायचं लिहून दिलंय. पांडूमामा साक्षीदार."

एवढी माणसं माझ्याकडे बघत होती. ती डॉक्टरीण तर अजून डोळे पुसत होती. मी खाली संगमरवराकडे बघितलं. पन्हळीकडे बघितलं.

"माहीत हाय मला," मी म्हटलं. "वाचून सही केलीय."

हिराला कळलं ते टॅक्सीत. मला सोडून तिने पांडूला धरलं. "रं मेल्या, सख्ख्या भनीचा घोव दिलास?"

"मी नाय दिला. मी नुसतं बघितलं म्हनून सही केली."

संध्याकाळी घरी सुनीने समजूत घातली. "बा, मी सरांशी बोलले. कागद परत मिळेल. फक्त एक अर्ज द्यायचा, की मला इंग्रजी वाचता येत नाही, न समजता सही झाली. बस."

"तसं कसं लिवून देऊ? मी वाचलं होतं."

"मग सांगा, पहिल्या ओळीत काय होतं?"

"माझं नाव."

"नाव शेवटी होतं, बा."

"मी शेवटून वाचायला घेतलं."

हिरा चुलीपुढून उठून आली. "अवो, दोन ओळी लिवून द्या. उद्या तुमी गेलाव तर मी दिवस कशाचं घालू? त्या सहीचं?"

खरं सांगतो, भीती मलाही वाटत होती. पण अर्ज सुनीच्या कॉलेजात लागणार, तिचे सर वाचणार, ती डॉक्टरीण वाचणार. डॉक्टर सुनीचा बाप अडाणी, हे मी माझ्या हाताने, माझ्याच इंग्रजी सहीने लिहून देऊ? प्रेत गेलं तरी चालेल. मी सांगितलं, "सही ऱ्हाईल."

 सुनी हळूच म्हणाली, "एवढं तरी माहीत असू द्या. तिथे टेबलावर नाव नसतं कोणाचं. नुसता नंबर."

हे मात्र मला लागलं. टाळ्या नावाला, आणि टेबलावर नंबर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधेरी स्टेशनबाहेर मशीन घेऊन बसणाऱ्या गोंदणाऱ्यापुढे सदरा काढून बसलो. म्हटलं, छातीवर लिही, 'नारायण तांडेल, वेसावे'. मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजीत, डॉक्टर लोकांना वाचायचंय.

"स्पेलिंग काय, काका?"

"तुला येतं तेच," मी म्हटलं.

घरी येऊन आरशापुढे उभा राहिलो. सुनी मागून बघत होती, ओठ दाबून धरलेले. म्हणाली, "बा, आरशात नका वाचू, तिथे अक्षरं उलटी दिसतात."

मग मी मान खाली घालून छातीवर बघितलं, पुन्हा आरशात बघितलं. मला तर दोन्हीकडून सारखीच झकास दिसली.