भरतीला उघडणारा दरवाजा

मोबाईलमध्ये गोळीचा गजर वाजला की ते प्रकरण मला अजून आठवते. गोळी रक्तदाबाची, वेळ बायकोने लावून दिलेली. मी घरात असो वा नसो, गजर आपला वाजतोच. त्या प्रकरणातला दरवाजाही असाच होता.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी नवी मुंबईत खाडीकाठच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. मूळचा मी माणदेशातला. पाणी विहिरीत असते आणि उन्हाळ्यात तिथेही नसते, एवढीच माझी पाण्याची समज. आमच्या हद्दीत दिवाळे गावाला लागून मासळी साठवण्याचे एक शीतगृह होते. पुढचे फाटक रस्त्यावर, मागचा दरवाजा थेट खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर. तिथला सगळा कारभार कंप्युटरवर आधीच लावून ठेवलेला असे. बर्फाची मागणी अमुक वाजता आपोआप जायची, हॉटेलांना मालाची यादी तमुक वाजता. मागचा दरवाजा धुण्यापुसण्यासाठी सकाळी आठला उघडायचा आणि नऊला बंद व्हायचा, त्यासाठी कोणी बटण दाबायला नको. व्यवस्थापक हे सगळे नव्या जावयाचे कौतुक सांगावे तसे सांगत.

तिथून पापलेट आणि कोळंबीच्या पेट्या तीनदा चोरीला गेल्या. आम्ही पंचनामा केला. कडी शाबूत, कुलूप शाबूत, कुठे ओरखडाही नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, "मागच्या दरवाजाचा रेकॉर्ड बघा आणि दिवाळ्याच्या त्या मावशीला विचारा."

या मावशी माल उतरवून घेण्याच्या विभागात मुख्य होत्या. पन्नाशीच्या, जातिवंत कोळीण, आवाज धक्क्यावरून पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. तिथले कंप्युटर सांभाळणाऱ्या साहेबाने लगेच रेकॉर्डचा कागद काढून दिला. मोठा नम्र माणूस. रोजच्या सकाळच्या वेळेखेरीज तो दरवाजा चार दुपारी उघडला होता आणि चारही वेळा नोंद मावशींच्या नावावर होती. "यंत्र खोटं बोलत नाही, सर," तो म्हणाला. मला ते पटले. आज कबूल करायला लाज वाटते, पण पटले.

मावशींना चौकशीसाठी आणायला मी जीप पाठवली आणि ती ऐन बाजाराच्या वेळी गावातून आली. हे माझे चुकलेच. महिला हवालदारासमोर जबाब सुरू झाला.

"साहेब, मी चोर नाय," मावशींनी बसायच्या आधीच सांगितले. "साडेबारा ते तीन आमचा खातं रिकामा असतं. सगल्या बाया डबा खाला घरी जातान. मी पन."

"दरवाजा आधीच लावून ठेवता येतो, मावशी. तुम्ही घरी असलात तरी तो उघडतो."

"मना लावाला येत नाय."

"मग तुमच्या नावाचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"वजनकाट्याच्या पाठी लिवलाय. खडूनं. ओल्या हातानं कागद कोन सांभालील?"

हवालदारबाईंनी हसू दाबले. मी वैतागलो. पासवर्ड भिंतीवर म्हणजे संशयित अख्खा कारखाना. पण निनावी फोन आणि छापील कागद, दोन्ही हिच्याकडेच बोट दाखवत होते.

मावशी तुरुंगाला घाबरल्या नव्हत्या. त्यांचे दुखणे वेगळे होते. "माज्या शब्दावर गावातल्या बारा बाया तिथं लागल्यात," त्या म्हणाल्या. "मी चोर ठरली तं उद्या त्या बाराही घरी. मंग मी धक्क्यावर कंच्या तोंडानं फिरू?" व्यवस्थापकांनी तसे बोलूनही दाखवले होते. दोन दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवाळ्याच्या एकाही बाईला कामावर ठेवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी जबाब पुढे नेताना मी कागदावरच्या वेळा हवालदारबाईंना लिहून घ्यायला वाचून दाखवत होतो. बारा पंचावन्न. दुसऱ्या दिवशी एक चाळीस. मग पंधरवड्याने बारा पन्नास, दुसऱ्या दिवशी एक पस्तीस. मला त्यात काहीच दिसत नव्हते. कंप्युटरवाल्याच्या मते यंत्राचा घोळ होता, कारण असल्या आडनिड्या वेळा कोणी लावत नाही.

"परत वाचा," मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा वाचले. त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले आणि पदर खोचून ताठ बसल्या.

"साहेब, ही तं भरती हाय!"

मग त्यांनी मला तिथीचे गणित शिकवले. पौर्णिमा-अवसेला भरती बाराच्या आसपास, पुढे रोज पाऊण तासाने उशिरा. प्रतिपदेला पाऊणच्या सुमारास, बीजेला दीड-पावणेदोन. त्या पायऱ्यांना होडी लागते ती फक्त पूर्ण भरतीला, एरवी तिथे मांडीभर चिखल. पेट्या रस्त्याने नाही, खाडीने गेल्या होत्या. खात्यात माणूस नाही आणि पायरीला पाणी आहे, हे दोन्ही जुळायचे ते पंधरवड्यातून दोनच दुपारी. म्हणून चोर रोज येत नव्हता.

माझे मन मात्र खट्टू झाले. एव्हाना मला ही बाई आवडू लागली होती आणि तिने आपल्याच हाताने गळ्यात फास अडकवून घेतला होता. "मावशी," मी म्हणालो, "तिथीवरून भरती काढणारे लोक तुमच्याच गावात ना?"

त्या खो-खो हसल्या. ठाण्यात इतके मोकळे हसणारा संशयित मी पाहिला नव्हता.

"आवो, पन ही आमची भरती नाय! ही मुंबय बंदराची. मोबाईलवर दिसतं ती. आमच्याकरं आत पानी पोचाला अर्धा तास जास्ती लागतं. दिवाल्याचा बारीक पोर पन ही चूक करनार नाय. पयल्या दिवशी काय चोरला, सांगा?"

मी कागद पाहिला. पहिल्या दिवशी काहीच गेले नव्हते. दरवाजा अर्धा तास उघडा राहून आपोआप बंद झाला होता. नंतरच्या तिन्ही दिवशी तो तासभर उघडा होता. म्हणजे पहिल्या दिवशी पाण्याने दगा दिला आणि शहाण्याने वेळ वाढवून घेतली.

"मंग तवा होरी चिखलात रुतली असनार," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्या येचून येनाऱ्या बायांना इचारा."

हवालदारबाई तासाभरात धक्क्यावर जाऊन आल्या. शिंपल्या वेचून परतणाऱ्या तीन बायकांनी सगळे पाहिले होते. एक परकी होडी पायऱ्यांपासून लांब गाळात अडकलेली. पायरीवर बूट घातलेला एक साहेब, कानाला फोन लावून होडीवाल्याच्या नावाने शंख करत होता. घाईत तो खाली उतरला आणि त्याचा एक बूट चिखलात गेला. आठवडाभर त्या तिघी त्यावर हसत होत्या. तो साहेब म्हणजे शीतगृहातला कंप्युटरवाला. "मग सांगितलं का नाही?" असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते, "आमाला कोनी इचारला नाय." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवले आहे. ते माझ्यासाठी होते.

रुतलेली होडी पाहिली म्हणजे चोरी सिद्ध होत नाही. पण मीच मावशींना म्हणालो होतो की दरवाजा आधीच लावून ठेवता येतो. मग तो लावला कधी? कंप्युटरवाल्याच्या कागदावर उघडल्याची वेळ होती, लावल्याची नव्हती. मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र देऊन पूर्ण रेकॉर्ड प्रमाणपत्रासह मागवले. पहिल्या दुपारनंतर पुढच्या तिन्हींची मुदत तेवढी वाढवलेली होती, पण चारही नोंदी मुळात एकाच दिवशी केलेल्या निघाल्या. नारळी पौर्णिमेला, सकाळी अकरा वाजता.

तो दिवस वाचला आणि मी कपाळावर हात मारला. नारळी पौर्णिमेला दिवाळ्यात कोणी कामावर जात नाही. शीतगृहाला सुट्टी होती. हजेरीपटावर दोघेच, फाटकावरचा रखवालदार आणि कंप्युटरवाला. आणि मावशी? धक्क्यावर सोनेरी कागदाचा नारळ घेऊन बायकांच्या पुढे नाचत होत्या. याचा साक्षीदार मीच. बंदोबस्ताला मी उभा होतो आणि त्यांच्याच हातचा नारळीभात खाल्ला होता. गणवेशातल्या माणसाला गर्दी दिसते, चेहरे दिसत नाहीत; तो चेहरा मला आता, दिवस वाचल्यावर आठवला.

कंप्युटरवाल्याला बोलावले. तो नेहमीसारखाच नम्र. "सर, पेट्या गेल्या त्या तिन्ही दुपारी दरवाजा उघडला तेव्हा मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होतो. हवं तर विचारा."

"उघडला तेव्हाचं मी विचारत नाही," मी म्हणालो. "लावला तेव्हा कुठे होता?"

त्याने पाणी मागितले. पाणी मागणारा माणूस निम्मे कबूल झालेला असतो, हा माझा अनुभव. दुसरा बूट कुठे गेला, असे विचारल्यावर उरलेले निम्मेही आले. होडीवाला पलीकडच्या काठावर मिळाला. निनावी फोनही कंप्युटरवाल्यानेच केला होता.

मावशींना मी हात जोडून म्हटले, "चूक झाली. आता घरी जा."

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. "तुमी पोलीस गारीतून आनला ना? मंग तशाच सोरा. आनि तुमी सोता चला."

मी गेलो. ऐन बाजारात जीप थांबवली, स्वतः उतरून त्यांच्यासाठी दार उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की चोर सापडला आहे आणि तो मावशींनी पकडून दिला आहे. पाट्यांमागच्या बायकांनी एकच गलका केला. त्या बाराही जणी दुसऱ्या दिवशी कामावर होत्या. सेवेत मला बक्षिसे मिळाली, पण जीपचे दार उघडताना जे समाधान वाटले ते कोणत्याच कागदात नव्हते.

पुढे जे जे प्रकरण हाती आले त्यात मी दोन प्रश्न विचारत गेलो. घडले कधी हा पहिला, आणि ठरले कधी हा दुसरा. बहुतेक गुन्हेगार पहिल्याचे उत्तर पाठ करून येतात.

निवृत्तीनंतर मी खांदेश्वरला राहतो. मासळी अजून दिवाळ्यावरूनच आणतो. मागच्या महिन्यात मोबाईलमध्ये भरतीची वेळ पाहून अगदी मिनिटावर धक्क्यावर पोचलो. एकही होडी आली नव्हती. मावशी पाटीवर हात टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बाजूच्या बायकांना ओरडून सांगितले, "सरका गं, साहेबांना बसाला जागा द्या. मुंबयच्या भरतीला आलंत!"

मी बूट सांभाळत बसलो. अर्ध्या तासाने पाणी आले.