वाढलेलं पाऊल

लोकांना वाटायचं, सात खेळांच्या एकत्रित स्पर्धेची विजेती म्हणजे हिला भीती कशाशी खातात तेच ठाऊक नसेल. कसलं काय! टोळ सगळ्याला घाबरायची. अडथळ्यांना, भाल्याला, आठशे मीटरच्या शेवटच्या फेरीला, आणि सगळ्यात जास्त बाबांना. टोळ हे टोपणनावही त्यांनीच ठेवलेलं, लहानपणापासून उड्या मारायची म्हणून.

बाबा सुतार. तिचे पहिले अडथळे त्यांनीच फळ्या ठोकून केले आणि पुढची सगळी पदकं त्यांच्या ओरडण्यावरच आली. लाकूड फितीने मोजणारा हा माणूस लांब उडीची धाव मात्र तिला पट्टीपासून सुरुवातीच्या खुणेपर्यंत टाचेला अंगठा लावत पावलांनी मोजायला लावायचा. "फीत घरी राहते, पाय राहत नाहीत," म्हणायचे.

मुलगी झाल्यावर ती परत मैदानात उतरली तेव्हा ते म्हणाले, "बघू, अंगात काही उरलंय का. या खेपेला नाही जमलं तर बूट खुंटीला." त्या दिवसापासून तिने दुखलंखुपलं सांगणंच सोडलं. बाळंतपणात पाय वाढला होता. जुने बूट चावत होते तरी सराव त्यांतच रेटला, आणि अगदी स्पर्धेच्या तोंडावर गुपचूप मोठे आणले.

आज लांब उडीत पट्टीपुढे पाय पडून तिचे दोन प्रयत्न फाऊल गेले. तिसराही गेला की गुण शून्य, आणि खेळणं संपलं. कुंपणापलीकडून बाबा ओरडले, "खूण मागे घे! मागे!"

ती खुणेपाशी वाकली, बुटांकडे नजर गेली आणि लख्खकन लक्षात आलं. पावलं नेहमीइतकीच मोजली होती, पण पाऊलच मोठं झालं होतं. त्यामुळे खूण आधीच जास्त मागे गेली होती, म्हणून तर पट्टीपाशी एक चिमुकलं पाऊल जास्तीचं पडून पाय पुढे जात होता.

तिने खूण पुढे सरकवली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

जन्मात पहिल्यांदाच त्यांचं न ऐकता ती धावली.

पांढरा झेंडा वर गेला. उडी बेताचीच होती, पण मोजली गेली. ती कुंपणाशी आली तेव्हा बाबा तिच्या बुटांकडे बघत होते.

"पाय कधी वाढला?"

"बाळ झाल्यावर."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

तिने मान वर करून थेट त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली.

तिकडे भालाफेकीची नावं पुकारली जात होती. ती निघाली. मागून नेहमीचा ओरडा आला नाही, आणि तिला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.