काळ्या टेपचा वास
काल नवऱ्यानं गॅरेजमध्ये काळी इलेक्ट्रिकल टेप दातांनी तोडली आणि त्या रबरी वासासरशी मी पुन्हा अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या करिअर ऑफिसबाहेरच्या टेबलाशी जाऊन बसले. स्टुडंट व्हिसावर असताना मी तिथं पार्टटाइम काम करायचे. त्या दिवशी लष्कराचा अधिकारी वकिलांची भरती करायला आला होता. कुणी समलिंगी आहे असं कळलं की लष्कर काढून टाकायचं, म्हणून कॉलेजचा विरोध. पण त्याला दारातून परत पाठवलं तर सरकारी निधी जाणार, म्हणून दारावर निषेधाची नोटीस आणि आत गरम कॉफी. दोन्ही मीच ठेवलं होतं. कॉरिडॉरमध्ये वर्गातली मुलं निषेध म्हणून तोंडाला काळी टेप लावून उभी होती. टेप मीच कापून दिली, पण लावली नाही, कारण पार्सिपनी गावात राहणाऱ्या मावशीनं बजावलं होतं, "फोटोत येऊ नकोस, व्हिसाचं बघ." इतक्यात माझी रूममेट कडक इस्त्रीचा कोट घालून आली आणि सरळ इंटरव्ह्यूला आत गेली. सैनिकाची मुलगी, तिला लष्करातच जायचं होतं. तिचं जिच्यावर प्रेम होतं, ती मुलगी समोरच्या रांगेत तोंडाला टेप लावून उभी होती. अर्ध्या तासानं अधिकारी रूममेटला दारापर्यंत सोडायला आला. "हुशार आहे ही. ओळखता का हिला?" त्यानं मला विचारलं. "नाही, सर," मी माझा व्हिसा आठवून म्हटलं. घरी आल्यावर रूममेटनं मला घट्ट मिठी मारली. पुढचे प्रश्न टाळून मी तिला वाचवलं असं ती आजही सगळ्यांना सांगते, आणि मी मान डोलावते.