रविवारी चालू असलेली गिरणी

आज रविवार, आणि याकोबाच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतोय. सकाळपासून तो आवाज कानात घुसलाय. बसवत नाही.

याकोब गेल्या महिन्यात गेला. आठवडाभर हा माणूस भुवयांपर्यंत पांढरा असायचा. रविवारी गिरणी बंद ठेवून, बायको-पोरांना घेऊन चर्चला निघायचा, तेव्हा कळायचं की याचे केस अजून काळे आहेत. "अरे, गिऱ्हाईक रविवारीच मोकळं असतं," मी सुनावायचो. हसून म्हणायचा, "एक दिवस तरी लेकरांना बाप दिसू दे की! रोज पिठाचं भूतच बघतात."

शेवटी गव्हाचा डबा घेऊन गेलोच. त्याचा थोरला मुलगा पिठानं पांढराफटक होऊन उभा.

"या काका, ठेवा डबा. गर्दी नाही."

"तुझी पोरं कुठंयत?"

"आजीबरोबर गेली चर्चला."

"मग मी उद्या येतो."

"अहो, आता आणलाच आहे तर..."

"उद्या म्हटलं ना!"

भरलेला डबा खांद्यावर घेऊन परत आलो. बायको करवादली, "घरात चिमूटभर पीठ नाही. खाणार काय?"

"भात टाक," म्हटलं.

भात झाला, निवला. मी दारातच उभा आहे, पट्टा थांबतोय का ऐकत.